रस्सा नको

“आमच्याकडे तर सगळं बीफचंच असतं, मग तू सारखी इथेच का येतेस?” शांघायमधल्या आमच्या गल्लीतल्या नूडल्सच्या दुकानाची मालकीण हे अगदी सहज बोलून गेली, फडक्याने माझंच टेबल पुसता पुसता. त्यात टोमणा नव्हता, नुसतं कुतूहल होतं. रात्रीचे साडेनऊ वगैरे झाले असतील, दुकानात मी आणि कोपऱ्यात हेल्मेट मांडीवर घेऊन जेवणारा एक डिलिव्हरीवाला एवढेच होतो, आणि माझं कामापुरतं चिनी असल्या प्रश्नाला पुरणारं नव्हतं. मी समोरच्या प्लेटकडे बोट दाखवून “हे आवडतं ना” एवढंच म्हटलं. ती हसली, “ते दिसतंच आहे” म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे वळली. मी बोलले ते खरंच होतं पण अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं माझ्या डोक्यात तेव्हापासून रेंगाळतंय, अजून.

दुकान म्हणजे पाच-सहा टेबलं. हिरवी पाटी, पाटीवर चिनीत ‘लांजौ लामियान’, म्हणजे लांजौ शहराच्या हाताने ताणलेल्या नूडल्स, आणि बाजूला अरबी अक्षरं, आत भिंतभर पदार्थांचे फोटो, प्रत्येक फोटोखाली नंबर आणि किंमत, त्यामुळे वाचता येत नसलं तरी बोट दाखवून जेवण होतं. अशी दुकानं चीनमधल्या कुठल्याही मोठ्या शहरात गल्लोगल्ली आहेत. टेबलावर काळ्या व्हिनेगरची बाटली, झाकणाला चमचा अडकवलेली तिखट तेलाची बरणी आणि एका वाडग्यात न सोललेल्या लसणाच्या पाकळ्या. लोक नूडल्सचा एक घास घेतात आणि वरून कच्ची पाकळी कचकन चावतात, लसणाशिवाय नूडल्सची चव अर्धीच असं तिकडे म्हणतात आणि मला ते पहिल्या दिवशीच पटलं. मागे काचेपलीकडे स्वयंपाकघर, एका मोठ्या पातेल्यात नूडल्ससाठी साधं पाणी उकळतंय, शेजारच्यात बीफचा रस्सा. काच कायम वाफेने भरलेली आणि त्या वाफेत पांढरी टोपी घातलेला मालक, त्याचे फक्त खांदे हलताना दिसायचे. त्याला सगळे लाओबान म्हणायचे, म्हणजे मालक, आणि तिला लाओबानन्यांग. मीही तेच म्हणायचे, नावं कधी विचारलीच गेली नाहीत, त्यांनी माझं विचारलं नाही मी त्यांचं नाही.

मी तेव्हा शांघायच्या मिनहांग भागात राहायचे, सोर्सिंगच्या कामासाठी कंपनीने पाठवलं होतं, सकाळी कारखाने आणि संध्याकाळी मेल असा दिवस. आमच्या घरात चिकन, मासे, अंडी सगळं चालतं पण बीफ नाही आणि पोर्क नाही, आणि हे दोन सोडले तर शांघायमध्ये बाहेर खाणं किती अवघड होतं ते तिकडे राहिल्याशिवाय कळत नाही. पालेभाजी मागवावी तर ती डुकराच्या चरबीत परतलेली, टोफू मागवावं तर त्यावर खिमा भुरभुरलेला, घेवड्याच्या शेंगा छान दिसल्या म्हणून घ्याव्यात तर त्यात बारीक बारीक तुकडे, आणि वाढणाऱ्या बाईला विचारलं तर ती प्रामाणिकपणे सांगणार की यात मांस नाहीये, थोडंसंच आहे. तिचं काही चुकत नव्हतं. चवीपुरतं घातलेलं मांस हे त्यांच्या लेखी मांस नव्हेच. पण दिवसभर काम करून आल्यावर जेवायच्या आधी अर्धा तास तपासणी करायची आणि मग समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘ही काय कटकट’ असं बघायचं, याचा फार थकवा यायचा. भुकेपेक्षा त्याचाच जास्त.

हे दुकान मुसलमानांचं, हलाल, त्यामुळे पोर्क तिथे येणारच नव्हतं. निम्मा प्रश्न दारातच सुटला. आणि दुसरी गोष्ट जी मला आत गेल्यावर कळली ती म्हणजे भिंतीवर पाटी होती, दुकानात दारू पिऊ नये. एकट्या बाईला रात्री दहाच्या सुमाराला परक्या शहरात शांतपणे जेवायचं असेल तर ती पाटी काय असते ते बायकांना वेगळं सांगायला नको. शेजारच्या बार्बेक्यूच्या दुकानात बियरच्या बाटल्यांचा ढीग आणि आरडाओरडा चालायचा, वाईट कोणी वागायचं नाही, पण मान खाली घालून पटापट जेवून निघावंसं वाटायचं. इथे मी पुस्तक उघडून बसायचे. मालकाची मुलगी शेजारच्या टेबलावर गृहपाठ करत बसलेली असायची, आम्ही दोघी आपापल्या वाचनात.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी भिंतीवरच्या टोमॅटो-अंड्याच्या नूडल्सवर बोट ठेवलं आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, मी बीफ खात नाही, रस्सा नको. मालकिणीने एकदा माझ्याकडे बघितलं, “इंदू?” म्हणून विचारलं, म्हणजे इंडियाची का, आणि मी मान हलवल्यावर आत जाऊन नवऱ्याला काहीतरी सांगितलं. त्याने काचेतून एकदा वाकून बघितलं. मग त्याने कढई धुतली, ती बांबूच्या काड्यांच्या ब्रशने पाणी टाकून घासतात तशी, एकदा आणि मग परत एकदा. दुसऱ्यांदा धुतली ती माझ्यासाठी हे मला कळलं. नूडल्स साध्या पाण्यातल्या, वर गरम टोमॅटो-अंडं, आणि सगळ्यांना मिळतो तो रस्सा मला नव्हता म्हणून मालकीण एका वाडग्यात नूडल्स उकडलेलं गरम पाणी घेऊन आली, त्यात चिमूटभर मीठ आणि वर चिरलेली कोथिंबीर. पांढुरकं, किंचित घट्ट, पेजच. तिकडे जेवणानंतर हे पाणी पितात, पचायला चांगलं म्हणून, ते काही माझ्यासाठी शोधून काढलेलं नव्हतं. पण इतरांच्या हातात वाडगा आहे आणि हिच्या हातात नाही हे तिच्या लक्षात आलं होतं.

मी का खात नाही हे तिने विचारलं नाही. पुढे कधीच नाही.

त्या काचेपलीकडचं काम मी इतक्यांदा बघितलंय की डोळे मिटले तरी दिसतं. मळून मुरवलेल्या कणकेचा मनगटाएवढा जाड, वीतभर लांब लोळा, त्याला तेलाचा हात. दोन्ही टोकं धरून तो स्टीलच्या ओट्यावर आपटायचा, थाड, आणि आपटता आपटताच ताणायचा, हात पूर्ण लांब होईपर्यंत. मग दोन्ही टोकं एका हातात घ्यायची, मधल्या वेटोळ्यात दुसऱ्या हाताची बोटं घालायची आणि परत ताणायचं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. सात वेळा दुमडलं की १२८ धागे होतात, आठव्यांदा २५६, आणि हे सगळं पाव मिनिटात. मधे मधे कोरड्या पिठात एकदा लोळवायचं म्हणजे धागे चिकटत नाहीत. शेवटच्या ताणाला तो सगळा झुबका ओट्यावर एकदा उडतो, टोकाचा गोळा बोटांनी तोडून बाजूला टाकायचा आणि उरलेलं सरळ उकळत्या पाण्यात. केसासारख्या बारीक हव्या असतील तर तशा, चपट्या हव्या असतील तर चपट्या, पट्ट्यासारख्या रुंद हव्या असतील तर तशा, अगदी तीन धारांच्या त्रिकोणी पण करतात, एकाच कणकेतून, बोटांचा दाब तेवढा बदलतो. लाओबान हे करताना हातांकडे बघायचा नाही. टीव्हीकडे बघायचा, नाहीतर मुलीवर ओरडायचा की नीट बस पाठ वाकवू नकोस.

आमच्या गावाकडे, जालन्याच्या बाजूला, आजी उन्हाळ्यात पाटावरच्या शेवया करायची. गहू ओलवून, दळून, पीठ फडक्यातून गाळून घ्यायचं, मग ते मळून मळून इतकं लुसलुशीत करायचं की बोट लावलं तर परत वर येईल. उतरता पाट, त्यावर आजी बसलेली, तळहाताने कणीक घासत घासत धागा खाली सोडायचा, आणि खाली आत्या तो झेलत, ओढत, काठीवर टाकत जायची. दोघींचा वेग एक नसेल तर धागा तुटतो. मी लहान होते, मला काठ्या उचलून उन्हात नेऊन ठेवायचं काम होतं आणि मला त्याचा केवढा अभिमान. लाओबानला पहिल्यांदा कणीक ताणताना बघितलं तेव्हा मला आजीचा तळहात आठवला, कोपरापासून हलणारा, आणि घशात काहीतरी आलं. फरक आहे, आजीच्या शेवया वाळायच्या, महिनोन्‌महिने डब्यात राहायच्या, इथे ताणलं की मिनिटाभरात ताटात. पण पीठ कधी तयार झालं हे हाताला कळणं, ते तेच. तिकडे कणकेत एक खार घालतात, म्हणजे पूर्वी वाळवंटातलं एक झुडूप जाळून त्याची राख वापरायचे, आता त्याच कामाची तयार पावडर पाकिटातून मिळते. आपण उडदाच्या पापडात पापडखार घालतो, तीच जात. त्याने कणीक ताणली तरी तुटत नाही आणि रंगाला जरा पिवळी येते. लाओबानला मी हे आमच्या पापडांचं सांगायचा प्रयत्न केला होता, मोबाइलवर फोटो दाखवून, त्याने फोटो मोठा करून नीट बघितला आणि विचारलं, हे इतकं पातळ लाटतं कोण. म्हटलं, बायका. त्याने बायकोला हाक मारून दाखवलं.

आता दुकानाचं नाव. पाटीवर लांजौ, पण हे लोक लांजौचे नव्हतेच. लांजौ ही गान्सू प्रांताची राजधानी, आणि ही सगळी मंडळी बहुतेक शेजारच्या छिंगहाय प्रांतातल्या ह्वालोंग नावाच्या तालुक्यातली, हुई, म्हणजे चिनीच बोलणारे मुसलमान. कोरडा डोंगराळ भाग, शेतीत काही पिकत नाही फार, १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथली काही माणसं पार समुद्राकाठी श्यामेनला गेली, नूडल्सचं दुकान टाकलं, चाललं, मग भाऊ आला, मेव्हणा आला, चुलतभाऊ आला, आणि असं करत करत अख्ख्या तालुक्याचा हाच धंदा झाला. नाव लांजौचं घेतलं कारण ते लोकांना माहीत होतं. खुद्द लांजौचे लोक यावर नाक मुरडतात, आमच्याकडे लांजौ लामियान नावाचं काही मिळतच नाही म्हणतात, आमचं ते ‘न्यूरौमियान’, साधं बीफ नूडल्स. ह्वालोंगवाल्यांचा आपसात एक अलिखित नियम पण आहे, एका दुकानापासून चारशे मीटरच्या आत दुसऱ्याने दुकान टाकायचं नाही. त्यावरून भांडणं होतात, शांघायमध्ये तर बातम्या येण्याइतकी मोठी झाली होती. मला मात्र तो नियम कळल्यावर बरं वाटलं. सगळ्यांची पोटं त्याच एका कणकेवर आहेत, तर निदान एकमेकांच्या ताटात हात घालू नये एवढं तरी ठरवलं.

मी लांजौला पण जाऊन आले, दुनह्वांगच्या गुहा बघायला जाताना वाटेत मुद्दाम उतरले. शहराच्या मधून पीत नदी वाहते, पाणी खरंच मातकट पिवळं, आणि तिच्यावर १९०९ चा लोखंडी पूल आहे. सकाळी सहाला नूडल्सच्या दुकानासमोर रांग. पैसे देऊन चिठ्ठी घ्यायची, खिडकीशी द्यायची, कुठली जाडी हवी ते ओरडून सांगायचं आणि वाडगा घेऊन जागा मिळेल तिथे बसायचं, नाहीतर उभ्यानेच, कोणी कोणी तर फूटपाथवर उकिडवे बसून. दुपारी दोन-तीनपर्यंत रस्सा संपतो आणि पुष्कळ दुकानं बंद होतात, संध्याकाळी कोणी हे खातच नाही म्हणतात. वाडग्यात पाच रंग असायला हवेत असा तिकडचा दंडक आहे: रस्सा नितळ, मुळ्याच्या चकत्या पांढऱ्या, तिखट तेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवी, नूडल्स पिवळ्या. मा बाओझ नावाच्या हुई माणसाने १९१५ च्या सुमाराला खांद्यावर कावड घेऊन गल्लोगल्ली या नूडल्स विकायला सुरुवात केली असं सांगतात. आणि शहराचा जीव यात किती अडकलाय तर २००७ साली भाव वाढले तेव्हा सरकारी खात्याने मध्ये पडून साध्या दुकानातल्या मोठ्या वाडग्याला अडीच युआनची कमाल किंमत ठरवून दिली होती. मी तिथे बीफ नूडल्स खाल्ल्या नाहीत. जवळच ज्यांग्शुई म्हणून एक प्रकार मिळाला, भाज्यांची पानं आंबवून केलेलं आंबट गार पाणी, त्यात नूडल्स, आणि वरून गरम तेलाची चर्रर्र फोडणी, लाल मिरची आणि लसणाची. एवढ्या लांब, पीत नदीकाठी, फोडणीचा आवाज. मी दुकानदाराला परत एकदा घालायला लावली असती फक्त ऐकायला.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी आणि ती मी घरी कधी मोकळेपणी बोलले नाही. मला त्या रस्स्याचा वास आवडायचा. सकाळी ऑफिसला जाताना दुकानाचं शटर अर्धं वर असायचं आणि तो वास गल्लीभर पसरलेला असायचा, दालचिनी, सुंठ, मिरी, मसाला वेलचीसारखी एक मोठी वेलची, बडीशेप, आणि तिकडचं ते जिभेला मुंग्या आणणारं फळ, आपल्या कोकणातलं तिरफळ त्याच्याच कुळातलं. मसाल्याचा डबा उघडल्यासारखा घरचाच वास, आणि त्याच्या खाली जे होतं ते आमच्या घरात कधीच शिजलं नव्हतं. तोंडाला पाणी सुटायचं. आणि पाणी सुटलं की लगेच आतून कोणीतरी हात मागे ओढायचं. आजी, बहुतेक. मला कोणी धाक घातला नव्हता, तिथे बघायला कोणी नव्हतं, खाल्लं असतं तर घरी कळलंही नसतं, आणि तरी नाही खाल्लं. श्रद्धेने म्हणावं तर मी तितकी देवाधर्मातली नाही. सवयीने म्हणावं तर सवयी मी कितीतरी मोडल्या. ते माझं होतं, एवढंच मला सांगता येतं, आणि एवढ्या लांब आल्यावर माझं असं फार काही हाताशी नव्हतं, म्हणून ते धरून ठेवलं असेल.

आणि मला वाटतं त्या दुकानात हे कोणाला समजावून सांगायला लागायचं नाही, कारण ते दोघंही तेच करत होते. दीड हजार किलोमीटरच्या पलीकडून येऊन, जिथे प्रत्येक दुसऱ्या पदार्थात डुक्कर आहे अशा शहरात, ते आपलं एक ‘नाही’ रोज सांभाळत होते. मुलीला शाळेतून कोणी चॉकलेट दिलं तरी ती घरी आणून आईला पाकिटामागचं वाचून दाखवायची, जिलेटिन आहे का बघायला. मी हे बघितलंय. जे खात नाही त्यावरून माणसाला ओळखायची त्यांना सवय होती, त्यामुळे मी त्यांना विचित्र वाटले नाही. मालकिणीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं, आणि ते चिनीत कसं बोलतात ते मला तेव्हा येत नव्हतं, मराठीत तरी नीट आलंय का कोण जाणे.

रमजानात दुकान चालूच असायचं. दिवसभर पाण्याचा घोट न घेता, त्या उकळत्या पातेल्यांसमोर, मे-जूनच्या शांघायच्या चिकट उकाड्यात लाओबान इतरांसाठी कणीक ताणायचा. संध्याकाळी सातच्या सुमाराला, ऐन गर्दीच्या वेळी, पाच मिनिटं सगळं थांबायचं. नेहमीचं गिऱ्हाईक समजून घ्यायचं, नवीन कोणी कुरकुर केली तर शेजारचाच कोणी सांगायचा थांब जरा. आतल्या टेबलावर खजूर, कलिंगडाच्या फोडी, आणि झाकणाच्या वाडग्यातला तो त्यांच्याकडचा चहा, त्यात लाल बोरं, सुकवलेली फळं आणि खडीसाखर. पहिल्या वर्षी मी बाहेर जाऊन उभी राहिले, त्यांना मोकळं बसता यावं म्हणून. मुलगी बाहेर येऊन माझ्या हातात कलिंगड देऊन गेली. ईदला मालकिणीने सानझ दिले, कणकेचे शेवयांसारखे बारीक धागे ओढून, त्यांचं भेंडोळं करून तळलेले, कुरकुरीत, किंचित खारट. मी पिशवी उघडली आणि मला जालन्याची ईद आठवली, आजीच्या शेजारच्या मुसलमान काकूंकडून येणारा शीरखुर्मा, आणि त्यातल्या शेवया कधी कधी आजीच्याच पाटावरच्या असायच्या, उन्हाळ्यात आजी त्यांच्यासाठी म्हणून दोन काठ्या जास्त घालायची. सणाला धागे काढायचे हे इतक्या लांबच्या दोन ठिकाणी सुचलं कसं. मी मालकिणीला सांगितलं की आमच्याकडे ईदला असेच धागे दुधात घालतात. तिने विचारलं, तुम्ही ईद करता? म्हटलं, आम्ही नाही, शेजारी करतात, आम्ही खातो. तिला हे उत्तर फार आवडलं, ती हसत हसत आत जाऊन नवऱ्याला सांगून आली.

मग एका सकाळी पाटीवरची अरबी अक्षरं हिरव्या स्टिकरने झाकलेली दिसली. २०१९ मध्ये बीजिंगमधल्या अशा दुकानांना अरबी अक्षरं काढायला सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. आमच्या दुकानाचं कसं आणि कोणामुळे झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. स्टिकरचा हिरवा पाटीच्या हिरव्यापेक्षा नवा होता त्यामुळे चौकोन उठून दिसायचा. लाओबान त्या दिवशी नेहमीसारखाच, कणीक, टीव्ही, मुलीवर ओरडणं. माझी प्लेट आणून ठेवताना मालकीण जरा जास्त वेळ उभी राहिली, असं मला वाटलं, कदाचित मलाच तसं वाटायला हवं होतं. नव्या गिऱ्हाइकांना काही फरक पडला नाही, हिरवा रंग बघून हलाल आहे हे सगळ्यांना कळतंच.

त्याच उन्हाळ्यात मुलगी गेली. शांघायमध्ये प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत, आणि त्यापुढे बाहेरगावच्या मुलांचं अवघड होत जातं, कारण घराची सरकारी नोंद जिथली असेल तिथेच कॉलेज-प्रवेशाची परीक्षा द्यावी लागते, ती गाओकाओ, मोजके अपवाद सोडले तर. आईबापांनी शहरात पंधरा वर्षं नूडल्स विकल्या तरी मुलगी ह्वालोंगचीच. मग उशिरा जाऊन तिथल्या अभ्यासात मागे पडण्यापेक्षा आत्ताच आजी-आजोबांकडे पाठवलेलं बरं, असा हिशोब जवळजवळ सगळेच करतात. जायच्या आधी तिने मला तिच्या वहीतलं एक पान दाखवलं होतं, इंग्लिशच्या तासाला लिहिलेलं, माय फ्रेंड. त्यात मी होते. इंडियाची आहे, मोठे डोळे आहेत, रोज टोमॅटो खाते. त्या रात्री मालकिणीने माझ्या ताटात नूडल्स इतक्या वाढल्या की संपेनात, आणि मी पण उठले नाही, बसून राहिले. मुलगी गेल्यावर ते गृहपाठाचं टेबल गिऱ्हाइकांना मिळायला लागलं, धंद्याला बरंच झालं म्हणायचं. मला मात्र तिथे कोणी बसलं की राग यायचा, कारण नसताना.

२०२० च्या जानेवारीत, चिनी नववर्षाच्या सुट्टीत मी पुण्याला आले. त्या दिवसांत शहर रिकामं होतं, गिऱ्हाईक नसतं म्हणून ते दोघंही गावी जायचे होते, मुलीला भेटायला. “आल्यावर भेटू” एवढंच झालं. मग कोविड आला, कंपनीने मला परत पाठवलंच नाही, माझी खोली एका सहकाऱ्याने आवरली. मालकिणीचं वीचॅट, म्हणजे तिकडचं व्हॉट्सॲप, माझ्याकडे होतं, तिने गावचे फोटो टाकलेले, मुलगी डोक्याला रुमाल बांधून बर्फात उभी, मी काहीतरी लिहायचे, ती फुलं पाठवायची. जूनच्या शेवटी आपल्याकडे वीचॅटवर बंदी आली आणि एवढाच असलेला धागा तुटला. दोन देशांचं काय चालू होतं ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यात जीव गेलेल्या जवानांपुढे माझं हे म्हणजे काहीच नाही, मला ते कळतं. तरी तुटलं ते तुटलं. माझ्याकडे ना त्यांचं नाव ना दुसरा नंबर.

इथे चायनीजच्या गाडीवर मी जाते, आवडीने जाते, शेजवान-बिजवान सगळं खाते, त्या खाण्याचं ह्या खाण्याशी काही भांडण नाही. पण पातेल्याच्या वाफेसमोर उभा राहून कणीक ओट्यावर आपटणारा माणूस दिसत नाही आणि मला त्याची भूक आहे. एकदा घरी करून बघायचं म्हणून गव्हाची कणीक, पापडखार, तेल सगळं घेऊन बसले होते. आईने बघितलं आणि म्हणाली, आजीचा पाट माळ्यावर आहे, काढू का.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून थेट विमानं परत सुरू झाली, आणि आमच्या ऑफिसातला एक मुलगा पुढच्या महिन्यात शांघायला चाललाय. त्याला मी नकाशावर गल्ली दाखवून ठेवलीय, दुकान असेल तर नक्की जा म्हणून. तो सगळं खातो, त्यामुळे त्याला मी सांगितलंय की बीफ नूडल्सच घे, बारीक नको जरा जाड सांग, लसूण आधी सोलून ठेव, तिखट तेल दोन चमचे, आणि रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत पी आणि मला नीट सांग कसा लागतो, वेलची पुढे येते की मिरी, मिठाला कसा आहे, तेल तरंगतं का, फोनवर नुसतं ‘मस्त होता’ म्हणालास तर चालणार नाही. आणि काचेमागे तेच दोघं असतील तर टोमॅटो-अंडेवालीने पाठवलंय म्हण. पण त्याच्याही आधी मुलीचं विचार. आता ती अठराची होत आली असेल, म्हणजे गाओकाओ ऐन तोंडावर किंवा नुकतीच झालेली, कुठे प्रवेश घेणार, काय शिकणार, सगळं विचार, आणि लिहून आण, विसरशील.